पित्याचा चौथा विवाह

इ.स. ४८ सालचा शरद ऋतू. इटलीत द्राक्षांचा हंगाम संपत आला होता, आणि ऑस्टिया बंदराकडून रोमकडे येणाऱ्या रस्त्यावरून सम्राट क्लॉडियसची गाडी राजधानीकडे धावत होती. सम्राट बंदरावर गेलेला असताना त्याची पत्नी मेसालिना हिने गायस सिलियस या देखण्या, भावी कॉन्सल म्हणून निवडल्या गेलेल्या तरुणाशी साक्षीदारांसमक्ष लग्न लावले, अशी वार्ता त्याच्या कानावर घालण्यात आली होती. ती वार्ता पोहोचवण्याची सारी योजना नार्सिसस या त्याच्या सचिवाची. हा मूळचा गुलाम, पुढे मुक्त झालेला आणि आता साम्राज्याचा पत्रव्यवहार हातात असलेला माणूस. वाटेत सम्राटाचे मन पालटू नये म्हणून तो स्वतः त्याच गाडीत जागा मागून बसला होता.

मेसालिनाला आपले दिवस भरल्याची जाणीव झाली होती. बरोबरचे सारे पांगले. उरल्या तिघांसह ती शहर पायी ओलांडून गेली आणि बागेतला कचरा वाहून नेणाऱ्या एका गाडीत बसून ऑस्टियाच्या रस्त्याला लागली. पतीसमोर उभे राहायला मिळाले तर तो विरघळेल, हा तिचा अनुभव होता. त्यापूर्वी तिने आणखी दोन उपाय योजले होते. वेस्टा देवीच्या पुजारिणींतील सर्वांत ज्येष्ठ असलेल्या व्हिबिडियाला तिने मध्यस्थी करण्याची विनंती केली आणि आपल्या दोन मुलांना निरोप दिला, की त्यांनी जाऊन वडिलांच्या गळ्यात पडावे. मुलगी ऑक्टेव्हिया तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. धाकटा ब्रिटानिकस सात वर्षांचा.

मुले ठरल्याप्रमाणे शहराच्या वेशीपाशी आणली गेली. गाडी आली. नार्सिससने त्यांना पाहिले आणि बाजूला न्यायला सांगितले. पुजारिणीला त्याला असे हाकलता आले नाही, कारण तिचा मान मोठा. तिला काहीतरी आश्वासन देऊन त्याने वाटेला लावले. मुलांना तेवढेही मिळाले नाही. ऑक्टेव्हियाच्या आयुष्यात तिला एखादे काम सोपवले गेले, आणि ते पार पाडायला ती स्वतः निघाली, असा हा बहुधा एकमेव प्रसंग. त्यात ती पित्यापर्यंत पोहोचूच शकली नाही.

त्या रात्री जेवणानंतर क्लॉडियसचा राग ओसरू लागला. त्या बिचारीने उद्या येऊन आपली बाजू मांडावी, असा निरोप त्याने पाठवला. ते ऐकताच नार्सिसस बाहेर गेला आणि सम्राटाची आज्ञा असल्याचे भासवून त्याने सैनिक रवाना केले. लुकुलसच्या बागेत, आपल्या आईच्या शेजारी जमिनीवर पडलेल्या मेसालिनाचा त्यांनी शेवट केला. सम्राट अजून पानावरच होता. पत्नी मेली, एवढेच त्याला कळवण्यात आले. कोणाच्या हातून, हे त्याने विचारले नाही. त्याने मद्याचा पेला मागवला आणि मेजवानी पुढे चालू राहिली.

इतिहासकार टॅसिटस याने पुढील काही दिवसांविषयी एक गोष्ट नोंदवली आहे. क्लॉडियसच्या चेहऱ्यावर द्वेष, आनंद, संताप, दुःख यांपैकी काहीच उमटले नाही. पत्नीवर आरोप करणारे विजयोत्सव करत असताना उमटले नाही आणि आपली मुले शोक करताना दिसली तेव्हाही उमटले नाही. मुले शोक करत होती, हे आपल्याला कळते ते या एका ओझरत्या उल्लेखातून. सिनेटने लगोलग ठराव करून मेसालिनाचे नाव आणि तिचे पुतळे सार्वजनिक तसेच खासगी जागांतून हटवण्याचा आदेश दिला. ज्या घरात मुले राहत होती त्या घरातूनही आईचा चेहरा गेला.

मेसालिना ही सद्गुणांची पुतळी होती, असे कोणी म्हणणार नाही. तिच्या शब्दाखातर अनेकांचे प्राण गेले होते. तिच्याविषयीच्या चावट कथांपैकी किती खऱ्या मानायच्या हा प्रश्न वेगळा. त्या बहुतेक तिच्या मृत्यूनंतर, तिच्या शत्रूंच्या राज्यात रंगल्या. पण आठ वर्षांच्या मुलीला आईचे राजकारण ठाऊक नसते. तिला आई ठाऊक असते.

ऑक्टेव्हियाचा जन्म इ.स. ३९ किंवा ४० मधला. तिचे नाव पणजीवरून ठेवलेले. ती पणजी म्हणजे सम्राट ऑगस्टसची बहीण, मार्क अँटनीची पत्नी, जिला सोडून अँटनी क्लिओपात्राकडे गेला. नावाबरोबर नशीबही येते, असे मानणाऱ्यांना इथे पुरेसे खाद्य आहे. मुलगी जन्मली तेव्हा क्लॉडियस हा राजघराण्यातला एक उपेक्षित, थट्टेचा विषय झालेला इसम होता. तो लंगडत चाले, बोलताना अडखळे आणि आपला वेळ इतिहासाच्या पोथ्यांत घालवी. इ.स. ४१ च्या जानेवारीत कॅलिगुलाचा खून झाला आणि शरीररक्षक दलाने या पन्नाशीच्या विद्वानाला उचलून सम्राट केले. ऑक्टेव्हिया एकाएकी सम्राटाची कन्या झाली. त्याच वर्षी, पुरते चालता-बोलता येण्याच्या वयात, ऑगस्टसच्या वंशातील लुसियस सिलानस या तरुणाशी तिचा वाङ्‌निश्चय झाला.

त्या काळाची एक खूण नाण्यांवर शिल्लक आहे. कॅपाडोसियातील सीझेरियाच्या टांकसाळीतून निघालेल्या एका चांदीच्या नाण्यावर एका बाजूला मेसालिनाचा मुखवटा आहे आणि दुसऱ्या बाजूला तीन मुले उभी आहेत : ऑक्टेव्हिया, ब्रिटानिकस आणि क्लॉडियसच्या आधीच्या पत्नीची मुलगी अँटोनिया. सम्राटाला आपली मुले जेवताना समोर लागत. जुन्या रीतीप्रमाणे थोरामोठ्यांच्या मुलामुलींसह ती आसनांच्या टोकाशी बसून जेवत, असे चरित्रकार स्युटोनियस सांगतो. म्हणजे हा बाप मुळात कोरडा नव्हता. तो माया करी, पण ज्या क्षणी जो माणूस त्याच्या कानाशी असे त्याचेच खरे मानी. त्याच्या मुलांच्या वाट्याला आलेले सारे भोग या एका स्वभावदोषातून निघाले, असे माझे मत आहे.

मेसालिनाच्या मृत्यूनंतर क्लॉडियसने शरीररक्षकांसमोर जाहीर केले, की विवाह आपल्याला लाभत नाही. यापुढे आपण एकटेच राहू, आणि शब्द मोडला तर खुशाल ठार करावे. हा निश्चय काही महिनेही टिकला नाही. राजवाड्यातील तीन बड्या मुक्त गुलामांनी प्रत्येकी एक वधू सुचवली. त्यासाठी चक्क बैठक भरली आणि त्या बैठकीत आईविना उरलेली मुले हा युक्तिवादाचा मुद्दा झाला. नार्सिससने क्लॉडियसची पूर्वीची घटस्फोटित पत्नी एलिया पेटिना हिचे नाव पुढे केले : ती अँटोनियाची आई, तेव्हा ऑक्टेव्हिया आणि ब्रिटानिकस यांना ती सावत्रपणाने वागवणार नाही. कॅलिस्टसने लोलिया पॉलिना ही धनाढ्य स्त्री सुचवली : तिला स्वतःचे मूल नाही, मत्सराचे कारणच नाही, ती या मुलांची आई होईल. तिसरा पॅलस. त्याने ॲग्रिपिनाचे नाव घेतले, आणि तिची मोठी जमेची बाजू म्हणून तिला एक मुलगा आहे हे सांगितले. थोर सेनापती जर्मॅनिकसचा तो नातू, घराण्यात यायलाच हवा. तिघांपैकी मुलांच्या हिताच्या बाता दोघांनी मारल्या. जिंकला तिसरा.

जिंकण्याचे कारण मात्र युक्तिवादात नव्हते. ॲग्रिपिना ही क्लॉडियसच्या सख्ख्या भावाची, जर्मॅनिकसची मुलगी. पुतणी म्हणून तिला काकाकडे केव्हाही जाण्याची मोकळीक होती, नात्यातल्या स्त्रीने चुंबन घेऊन अभिवादन करण्याची रोमन रीत होती, आणि या साऱ्याचा तिने पुरेपूर उपयोग केला. वय तेहतीस, रूप उत्तम, बुद्धी त्याहून उत्तम. क्लॉडियस सत्तावन्न वर्षांचा. तो तिला आपली मुलगी, आपल्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर असे म्हणत आला होता आणि लग्न ठरत असतानाही म्हणत राहिला. विवाहाआधीच ती पत्नीचा अधिकार गाजवू लागली होती. हे प्रेम होते का? त्याच्या बाजूने असावे. म्हाताऱ्या, एकट्या पडलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी लक्ष देते याचीच भूल पडते. तिच्या बाजूने काय होते, हे पुढच्या घटनांनी सांगितले.

घरातल्या मुलीच्या दृष्टीने पाहू. ॲग्रिपिना ही ऑक्टेव्हियाची चुलत बहीण. आता ती आई होणार. तिचा अकरा वर्षांचा मुलगा लुसियस डोमिशियस, ज्याला जग पुढे नीरो या नावाने ओळखणार होते, तो ऑक्टेव्हियाचा नात्याने भाचा. पण त्याचा बाप आणि मेसालिनाची आई ही सख्खी भावंडे. म्हणजे तो मेसालिनाचा मामेभाऊ आणि त्या बाजूने ऑक्टेव्हियाचा मामाही. हा भाचा-मामा आता सावत्र भाऊ होऊन घरात यायचा होता. आणि एवढ्यावर भागणार नव्हते. ॲग्रिपिनाला आपल्या मुलासाठी सम्राटाची मुलगी हवी होती.

मध्ये अडसर होता सिलानसचा. सात वर्षांपूर्वी ठरलेला हा वर तोवर नावारूपाला आला होता. इ.स. ४३ मध्ये ब्रिटनच्या स्वारीतील विजयाची बातमी घेऊन क्लॉडियसने ज्या दोघा जावयांना पुढे पाठवले त्यांतला एक हाच. त्याला दूर करण्याचे काम लुसियस व्हिटेलियस या दरबारी मुत्सद्द्याने अंगावर घेतले. सिलानसची बहीण जुनिया कॅल्विना ही थोड्याच काळापूर्वीपर्यंत व्हिटेलियसची सून होती. या बहीण-भावांचे एकमेकांवर मोकळेपणाने प्रेम होते. व्हिटेलियसने त्याला अगम्यगमनाचा रंग दिला. सिनेटच्या सदस्यांची छाननी केव्हाच पुरी झालेली असताना सेन्सॉर म्हणून त्याने फतवा काढून सिलानसला सिनेटमधून काढले. क्लॉडियसने वाङ्‌निश्चय मोडला. सिलानसला वर्षअखेरीस प्रीटरपदाचा राजीनामा द्यावा लागला. मुदत संपायला एक दिवस उरला होता, त्या एका दिवसासाठी दुसरा माणूस नेमण्यात आला.

आता मुख्य अडचण कायद्याची. चुलता आणि पुतणी यांचा विवाह रोमन रिवाजात निषिद्ध होता. तीही व्हिटेलियसने सोडवली. सम्राटाच्या शिरावर जगाचा भार आहे, त्याला सहचारिणी हवी, असे भाषण त्याने सिनेटमध्ये ठोकले. काही सदस्य तर सम्राट तयार नसेल तर त्याला भाग पाडू, असे ओरडत बाहेर धावले. बाहेर जमाव जमलाच होता. क्लॉडियस फोरममध्ये आला, अभिनंदने स्वीकारली आणि सिनेटकडून ठराव करून घेतला, की यापुढे भावाच्या मुलीशी विवाह वैध. गंमत अशी, की हा कायदा फक्त पुतणीपुरता होता. भाचीशी विवाह पूर्वीसारखाच निषिद्ध राहिला आणि रोमन कायद्याच्या ग्रंथांत ही विसंगती पुढे बराच काळ टिकून होती. सम्राटाचा कित्ता गिरवणारे नवरदेव शोधूनही एक-दोनच सापडले.

इ.स. ४९ च्या सुरुवातीला विवाह झाला. त्याच दिवशी सिलानसने आत्महत्या केली. त्याची बहीण इटलीबाहेर हद्दपार झाली. क्लॉडियसला जुन्या धर्मविधींचा छंद होता; त्याने बहीण-भावाच्या कथित पातकाबद्दल डायना देवीच्या राईत पुरोहितांकरवी प्रायश्चित्तविधी करवले. स्वतः पुतणीशी लग्न करून दुसऱ्याच्या अगम्यगमनाचे प्रायश्चित्त करणाऱ्या सम्राटाला सारे शहर हसले. ऑक्टेव्हियाचे वय तेव्हा नऊच्या आसपास. वर्षभराच्या आत तिची आई मारली गेली होती, ज्याच्याशी लग्न होणार असे ती कळत्या वयापासून ऐकत आली तो मेला होता, आणि बापाच्या लग्नाचा दिवस व त्या माणसाच्या मरणाचा दिवस एकच होता.

त्यानंतरची पाच वर्षे म्हणजे एकेका दारावर ॲग्रिपिनाचे कुलूप लागण्याची हकिकत आहे. एका भावी कॉन्सलकरवी सिनेटमध्ये ठराव आणवून ऑक्टेव्हियाचा वाङ्‌निश्चय नीरोशी करण्यात आला. वधू म्हणून सुचवली गेलेली लोलिया पॉलिना हद्दपार झाली आणि तिला मरण पत्करावे लागले. मेसालिनाच्या सांगण्यावरून कॉर्सिकात धाडलेला तत्त्वज्ञ सेनेका परत आला आणि नीरोचा गुरू झाला. इ.स. ५० च्या फेब्रुवारीत क्लॉडियसने नीरोला रीतसर दत्तक घेतले. स्वतःचा मुलगा जिवंत असताना त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा मुलगा दत्तक घ्यायचा, हे नवल करण्यासारखेच होते. त्यातून एक पेच उद्‌भवला : नीरो आता कायद्याने ऑक्टेव्हियाचा भाऊ. मग विवाह कसा व्हायचा? उपाय निघाला. ऑक्टेव्हियालाच दुसऱ्या एका घराण्यात दत्तक देण्यात आले. मुलगा घरात यावा म्हणून मुलगी कागदोपत्री घराबाहेर गेली. नव्या पत्नीच्या मुलाला बापाचे नाव मिळाले आणि ज्या मुलीला ते जन्माने मिळाले होते तिने ते सोडले, याहून नेमके चित्र कोणा नाटककाराला सुचले नसते.

धाकट्या ब्रिटानिकसने थोडा प्रतिकार केला. एकदा समोरासमोर आल्यावर त्याने नीरोला त्याच्या जुन्या, दत्तक येण्यापूर्वीच्या नावाने हाक मारली. ॲग्रिपिनाने क्लॉडियसकडे तक्रार नेली, आणि परिणामी ब्रिटानिकसचे चांगले शिक्षक हद्दपार झाले किंवा मारले गेले. त्यांच्या जागी सावत्र आईची माणसे आली. ऑक्टेव्हियाविषयी असा एकही प्रसंग कोणी लिहिलेला नाही. ती काय बोलली, कोणाला काय म्हणाली, काही नाही. भावाच्या एका हाकेची किंमत तिने पाहिली होती.

इ.स. ५३ मध्ये विवाह झाला. ती तेरा-चौदा वर्षांची, नीरो पंधरा-सोळाचा. सावत्र आई हीच आता सासू. पुढच्याच वर्षी ॲग्रिपिनाने ऑक्टेव्हियाच्या आजीला, मेसालिनाची आई डोमिशिया लेपिडा हिला, खटला भरून मृत्युदंड देवविला. लेपिडाशी तिचे हाडवैर होते, कारण ॲग्रिपिना स्वतः हद्दपारीत असताना लहानग्या नीरोला याच आत्याने सांभाळले होते. नीरोने आत्याविरुद्ध साक्ष दिली.

शेवटी-शेवटी क्लॉडियसला पश्चात्ताप झाल्याची चिन्हे दिसू लागली होती. तो ब्रिटानिकसला भेटला की कवटाळी आणि लवकर मोठा हो, असे सुचवी. ज्याने या मुलांना वेशीवरून परत पाठवले होते तो नार्सिससही आता त्याच मुलाच्या गळ्यात पडून देवाकडे त्याच्यासाठी आयुष्य मागत होता. आपण एक आई घालवली आणि तिच्या जागी काय आणून बसवले, हे त्याला उमजले होते. उशीर झाला होता. १३ ऑक्टोबर ५४ रोजी क्लॉडियस मरण पावला. त्याच्या आवडत्या अळंब्यांतून विष दिले गेले, हे प्राचीन इतिहासकारांचे जवळपास एकमुखी म्हणणे. काही आधुनिक अभ्यासक नैसर्गिक मृत्यूची शक्यताही मांडतात. त्या सकाळी ॲग्रिपिनाने शोकविव्हल असल्याप्रमाणे ब्रिटानिकसला मिठीत धरून ठेवले आणि अँटोनिया व ऑक्टेव्हिया यांनाही खोलीबाहेर पडू दिले नाही. सगळ्या दारांवर पहारे होते. दुपारी दारे उघडली तेव्हा नीरो बाहेर पडला आणि सैनिकांनी त्याला सम्राट म्हणून मानवंदना दिली. सावत्र आईची मिठी हीच या मुलांची कोठडी ठरली.

ऑक्टेव्हिया साम्राज्ञी झाली. तिला काय मिळाले? पतीला ती मुळीच आवडत नव्हती. राज्यावर आल्यावर लगेचच तो ॲक्टी नावाच्या एका मुक्त दासीच्या प्रेमात पडला. मित्रांनी टोकले तेव्हा, पत्नी म्हणून मिळणारी मानचिन्हे तिला पुरेशी असावीत, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

मग फेब्रुवारी ५५. ब्रिटानिकस चौदा वर्षांचा व्हायला काही दिवस उरले होते. काही आठवड्यांपूर्वी, सॅटर्नेलियाच्या सणात, नीरोने थट्टा करण्यासाठी त्याला सर्वांसमोर गायला लावले होते. मुलाने पितृगृहातून आणि राज्यातून हुसकावले गेल्याचे एक गीत गायले आणि ऐकणाऱ्यांची मने हेलावली. हे नीरोला सहन झाले नाही. राजघराण्यातील मुले मोठ्यांच्या नजरेसमोर वेगळ्या, साध्या मेजावर जेवत. ब्रिटानिकसचे अन्नपाणी आधी सेवक चाखून पाही, म्हणून युक्ती अशी केली, की त्याला एक अतिशय गरम पेय, चाखून झालेले, देण्यात आले. चटका बसल्याने त्याने ते नाकारले, तेव्हा ते निववण्यासाठी थंड पाणी ओतले. विष त्या पाण्यात होते. मुलाचा आवाज आणि श्वास एकदमच थांबले. शेजारी त्याचा सवंगडी टायटस, पुढे सम्राट झालेला, जेवत होता. नीरो लवंडल्या जागेवरून न हलता म्हणाला, की त्याला लहानपणापासून फेफरे येते, येईल शुद्धीवर. काही जण उठून पळाले. जे अधिक समजते होते ते नीरोकडे बघत जागच्या जागी बसून राहिले.

ॲग्रिपिनाच्या चेहऱ्यावर भीती उमटली. तिने लपवायचा प्रयत्न केला तरी ती लपली नाही. त्यावरून टॅसिटसने ताडले, की या खुनाची तिला कल्पना नव्हती. ऑक्टेव्हियाही तिथेच होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. एवढ्या कोवळ्या वयात ती दुःख, माया, एकूण एक भावना झाकायला शिकली होती, असे तो लिहितो. वाचणाऱ्याला सहा वर्षांपूर्वीची ती दुसरी मेजवानी आठवते, जिथे तिच्या बापाच्या चेहऱ्यावरही काही उमटले नव्हते. पण बापाच्या मनात त्या वेळी काही होते की नाही, याचीच शंका. मुलीच्या बाबतीत तशी शंका नाही. कट्टर दरबारी मुरब्बीपणात मुरलेली ॲग्रिपिना जे करू शकली नाही ते या पंधरा वर्षांच्या मुलीने केले, आणि ते तिला ॲग्रिपिनाच्याच घरात शिकावे लागले. थोड्या वेळाने मेजवानी पुन्हा सुरू झाली. त्याच रात्री, भर पावसात, ब्रिटानिकसला अग्नी देण्यात आला. चितेची तयारी आधीच झालेली होती.

यानंतरचे वळण विलक्षण आहे. नीरोशी बिनसल्यावर ॲग्रिपिना ऑक्टेव्हियाकडे वळली. तिला जवळ करू लागली, तिची बाजू घेऊ लागली. जिच्यासाठी आपल्या बापाचे घर परके झाले तीच स्त्री आता आधार शोधत दारी आली तेव्हा ऑक्टेव्हियाने काय केले असेल? तिने तिला झिडकारले, असे कोणी नोंदलेले नाही. इ.स. ५९ मध्ये नीरोने आईचा खून करविला. मायसेनमच्या आरमाराचा प्रमुख ॲनिसेटस याने ती कामगिरी पार पाडली. ॲग्रिपिनाने आपल्या आयुष्याच्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्या आज नष्ट झाल्या असल्या तरी टॅसिटसने त्या वाचल्या होत्या. सावत्र आईची बाजू अशी निदान एका इतिहासकारापर्यंत पोहोचली. मुलीने लिहिलेला एक शब्दही नाही.

ॲग्रिपिना गेली आणि ऑक्टेव्हियाला नको असलेले का होईना, पण उरलेले एकमेव कवच गेले. पॉपिया सबिना ही सुंदर, महत्त्वाकांक्षी स्त्री इ.स. ५८ पासून नीरोच्या आयुष्यात होती. तिच्या आईला मेसालिनाने आत्महत्येस भाग पाडले होते, हे इथे ध्यानात ठेवावे. रोममध्ये हिशोब असे पिढ्यान्‌पिढ्या चालत. इ.स. ६२ मध्ये शरीररक्षक दलाचा जबाबदार प्रमुख बर्रस वारला आणि त्याच्या जागी आलेल्या दोघांपैकी टिजेलिनस हा नीरोच्या मर्जीतला. नीरोने प्रथम वांझपणाचे कारण देऊन ऑक्टेव्हियाला घटस्फोट दिला आणि बाराव्या दिवशी पॉपियाशी लग्न केले. मग यूकेरस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या एका बासरीवादकाशी तिचे संबंध असल्याचा आरोप रचण्यात आला. तिच्या दासींचा छळ करून साक्षी काढायचा प्रयत्न झाला. काही जणी वेदनांपुढे मोडल्या. बहुतेक जणी मालकिणीच्या शुद्धतेवर ठाम राहिल्या, आणि एकीने तर टिजेलिनसला तोंडावर असे काही सुनावले की ते इथे छापण्याजोगे नाही. साम्राज्ञीसाठी सिनेटमधला एकही बोलला नाही. दासी बोलल्या.

तिला आधी बर्रसचे घर आणि नीरोने मारविलेल्या प्लॉटसच्या जमिनी देण्यात आल्या, मग सैनिकी पहाऱ्यात कंपानियात धाडले. आणि रोमचे सामान्य लोक खवळले. नीरोने तिला परत बोलावले, अशी अफवा पसरताच लोक आनंदाने कॅपिटॉल टेकडी चढले, त्यांनी पॉपियाचे पुतळे पाडले, ऑक्टेव्हियाच्या मूर्ती खांद्यावर घेऊन, फुले उधळत फोरममध्ये आणि देवळांत नेऊन बसवल्या. चौदा वर्षांपूर्वी सिनेटच्या ठरावाने आईचे पुतळे उतरले होते. आता विनाठराव मुलीचे पुतळे चढले. सैनिकांनी फटके मारून आणि शस्त्रे उगारून जमाव पांगवला. जे उलथवले गेले होते ते पुन्हा उभारण्यात आले.

या लोकप्रेमाने तिचा मृत्यू जवळ आणला. पॉपिया घाबरली, नीरोही. नवा आरोप हवा होता. ॲग्रिपिनाचा खुनी ॲनिसेटस पुन्हा उपयोगी पडला : ऑक्टेव्हियाशी आपले संबंध होते, असे त्याने कबूल करायचे, नाहीतर मरायचे. त्याने कबूल केले. बक्षीस म्हणून सार्डिनियात सुखाची हद्दपारी मिळाली आणि तिथे तो आपल्या मरणाने मेला. आरमार फितवण्यासाठी तिने हे केले आणि मग गर्भपात करवला, असे नीरोने जाहीर केले. काही दिवसांपूर्वी तिच्यावर वांझपणाचा ठपका ठेवला होता, हे तो विसरला.

तिची रवानगी पँडाटेरिया बेटावर झाली. आजचे व्हेंटोटेने. जेमतेम तीन किलोमीटर लांबीचा हा ज्वालामुखीचा खडक राजघराण्यातील नकोशा स्त्रियांसाठी राखीव असल्यासारखा होता : ऑगस्टसची मुलगी ज्युलिया इ.स.पू. २ मध्ये इथे आली, आणि ॲग्रिपिनाची आई इथेच मेली. पण त्या स्त्रियांनी आधी काही बरे दिवस पाहिले होते. हिच्या बाबतीत लग्नाचा दिवस हाच अंत्ययात्रेचा दिवस ठरला, असा टॅसिटसचा अभिप्राय आहे. थोड्याच दिवसांत मृत्यूची आज्ञा आली. आपण आता पत्नी नाही, केवळ बहीण आहोत, असे तिने सांगून पाहिले. तिने दोघांच्या सामाईक पूर्वजांची आण घातली. शेवटी तिने ॲग्रिपिनाचे नाव घेतले : ती जिवंत असेतो आपण दुःखी होतो, पण जिवंत तरी होतो. आयुष्यात प्रथमच ऑक्टेव्हिया बोलल्याची नोंद मिळते ती इथे, आणि तिच्या तोंडी शेवटचे नाव येते ते सावत्र आईचे.

तिला बांधून शिरा कापल्या. भीतीने रक्त थिजले होते, ते वाहीना; तेव्हा कढत स्नानगृहाच्या वाफेत तिला गुदमरवले. मस्तक रोमला नेऊन पॉपियाला दाखवण्यात आले. सिनेटने देवळांत आभाराचे नैवेद्य वाहण्याचे ठरवले. वय विशी-बाविशी.

पुढे केव्हातरी एका अज्ञात नाटककाराने तिच्यावर लॅटिनमध्ये शोकनाट्य लिहिले. ते सेनेकाच्या नावावर मोडत आले, पण त्यात नीरोच्या अंताची चाहूल असल्याने ते त्याचे नसावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रोमन इतिहासावरील लॅटिन नाटकांपैकी संपूर्ण उरलेले ते एकच. १६४३ मध्ये व्हेनिसच्या रंगभूमीवर माँटेव्हर्दीच्या ऑपेरात रोमचा निरोप घेणारी ऑक्टेव्हिया उभी राहिली. त्या ऑपेराचे नाव मात्र पॉपियाच्या राज्याभिषेकावरून आहे.

क्लॉडियसची तीन मुले नाण्यावर होती, त्यांतली एक अजून हयात होती. इ.स. ६५ मध्ये पॉपिया मेल्यावर नीरोने अँटोनियाला मागणी घातली. तिने नकार दिला आणि तिलाही ठार करण्यात आले. नीरोने स्वतःच्या गळ्यावर शस्त्र चालवले ते ६८ सालच्या जून महिन्यात, परंपरेनुसार ९ तारखेला. ज्या दिवशी त्याने ऑक्टेव्हियाला मारवले होते तोच तो दिवस, असे स्युटोनियसने टिपून ठेवले आहे.